नुरा कुस्ती

दिवाळीच्या अंकात कुस्तीचे गाऱ्हाणे कशाला, असे कोणी विचारील. फराळाचे ताट पुढे आहे, लेकीबाळी माहेरी आल्या आहेत. अशा वेळी फसवणुकीच्या गोष्टी नकोत. पण तुळशीचे लग्न लागले की आमच्याकडे जत्रांची बोलणी सुरू होतात. वर्गणीच्या पावत्या छापतात, तमाशाची सुपारी ठरते आणि फडाला किती रक्कम लावायची यावर देवळाच्या ओट्यावर रात्र रात्र खल होतो. तो पैसा तुमच्या-आमच्या घरातून जातो. तेव्हा बोलायचे तर आताच. चैत्रात पालखी निघाल्यावर बोलणारा माणूस गावाला जत्रेचा वैरी वाटतो.

घोडनदीच्या काठी शिरूर, भीमेच्या काठी दौंड. या दोन गावांच्या दरम्यान जी खेडी आहेत, त्यांत जत्रा म्हटली की संध्याकाळचा फड आलाच. आधी रेवड्यांवर लहान पोरांच्या कुस्त्या, मग शंभराच्या, पाचशेच्या, आणि दिवस कलला की मोठ्या इनामाची शेवटची जोड. नाव सांगत नाही अशा एका गावी दोन वर्षांमागे मी भाच्याला घेऊन गेलो होतो. शेवटच्या कुस्तीला एक लाख रुपये होते. हलगी कडकडली, दोघांनी माती अंगाला लावली, हात मिळवले आणि खडाखडी सुरू झाली. ती वीस मिनिटे चालली. मानेवर हात पडे, तो निघे. पटात शिरल्यासारखे करून गडी मागे सरे. एकदाही कोणाचा गुडघा मनापासून मातीला लागला नाही. भाचा माझ्या कानाशी लागून म्हणाला, "मामा, मघाशी हे दोघे एकाच गाडीतून उतरले. मी पाहिले ना!"

कुस्ती बरोबरीत सुटली. इनाम निम्मे-निम्मे वाटले गेले. कर्ण्यावरून "तोडीस तोड लढत" अशी वाहवा झाली. मागच्या रांगेतून "नुरा! नुरा!" असा ओरडा उठला, थोडे हसू झाले आणि लोक धोतर-विजारी झटकून उठले. मी पंच कमिटीतल्या एका ओळखीच्या गृहस्थांना गाठले. ते म्हणाले, "दादा, सगळ्यांना समजते हो. पण उगाच जत्रेला गालबोट कशाला?"

माझे भांडण या वाक्याशी आहे. त्या दोन पैलवानांशी फारसे नाही. पैलवानाचा जमाखर्च मांडून पाहा. दूध, तूप, बदाम बारा महिने लागतात. कमाई मात्र जत्रांच्या चार-पाच महिन्यांची. निकाली कुस्तीत हरला तर हाती फारसे काही येत नाही, खांदा निखळला तर हंगाम बुडाला. उलट बरोबरी झाली की अर्धे इनाम खात्रीचे आणि हाडे शाबूत. दोघांनी गाडीत बसूनच हा हिशेब केला तर त्यांना लबाड म्हणण्याआधी हा हिशेब त्यांच्यापुढे मांडणारे कोण, हे विचारले पाहिजे. ते आपणच. इनामाची वाटणी आपण अशी ठेवली की प्रामाणिक गडी मूर्ख ठरावा!

बरे, हे मातीवरच्या फडापुरते असते तर एक वेळ सोडून दिले असते. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीची गदा लढली गेली. गादी विभागात पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चीत केल्याचा निर्णय पंचांनी दिला. आपली पाठ टेकलीच नाही, चित्रफीत पाहा, असा राक्षेचा आग्रह होता. निर्णय फिरला नाही, आणि त्या रागात त्याने पंचाची कॉलर धरून त्याला लाथ मारली. पुढे अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडनेही पंचांशी वाद घालून वेळ संपण्याआधीच आखाडा सोडला. दोघांना तीन-तीन वर्षांची बंदी झाली. लाथेचे समर्थन कोणी करू नये. पंचावर पाय उचलणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. पंचाने लबाडी केली असेही मी म्हणत नाही. तसा पुरावा माझ्यापाशी नाही, आणि पुराव्यावाचून कोणाला चोर ठरवण्याइतका मी पोहोचलेला नाही. पण त्या रात्री चहाच्या टपरीपासून एसटीच्या फलाटापर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, "ठरलेलेच होते!" असे का व्हावे? ज्या पृथ्वीराजने गदा खांद्यावर घेतली त्याच्या घामाचे काय? संशयाची काजळी आधी लागली ती त्याच्या गदेला. शिवाय महिना-दोन महिन्यांत दुसऱ्या संघटनेने कर्जतला निराळी स्पर्धा भरवून वेताळ शेळकेला महाराष्ट्र केसरी केले. एका राज्याला एका वर्षात दोन केसरी! ज्यांना आपली संघटना एक ठेवता येत नाही, त्यांच्या निकालावर लोकांनी डोळे मिटून विश्वास ठेवावा, ही अपेक्षा जरा मोठीच आहे.

याच महाराष्ट्रात खाशाबा जाधव होऊन गेले. हेलसिंकीला जाण्यापूर्वी मद्रासच्या कुस्त्यांत त्यांना एका गुणाने मागे ठेवले गेले. तो अन्याय होता, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावली गेली आणि खाशाबांनी निरंजन दासला लोळवले, असे सांगतात. १९५२ चे कांस्यपदक त्यानंतरचे. विचार करा, त्या वेळी कोणी "गालबोट नको" म्हणून तक्रारीचा कागद दडपला असता तर गोळेश्वरच्या त्या गड्याचे नाव आज कोणाला ठाऊक असते?

दडपण्याची कला क्रिकेटवाल्यांकडून शिकावी. १९९७ मध्ये गवगवा झाला तेव्हा मंडळाने माजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांना चौकशीला नेमले. कन्हेरसरचे घराणे, म्हणजे आमच्या शेजारच्या खेड तालुक्यातले. त्यांच्या सचोटीबद्दल शंका नाही. पण ना झडती, ना अटक, ना बँकेची वही. नुसते विचारायचे आणि समोरच्याने सांगायचे. अहवाल आला की, आपले खेळाडू गुंतल्याचा पुरावा नाही. मंडळ सुखाने झोपले. एप्रिल २००० मध्ये दिल्ली पोलिसांनी सट्टेबाजांशी चाललेले टेलिफोन उघड केले, हॅन्सी क्रोन्येने पैसे घेतल्याचे कबूल केले, आणि वर्ष संपायच्या आत अझरुद्दीन व अजय शर्मा यांच्यावर जन्माची बंदी आली. अझरुद्दीनची बंदी उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द केली, हेही सांगितले पाहिजे.

आणि कायदा? जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तिथल्या प्रीमियर लीगच्या खटल्यात सांगितले की, सामना ठरवून खेळणे हा अप्रामाणिकपणा असेल, बेशिस्त असेल, मंडळाने हवी ती कारवाई करावी. पण दंडविधानाच्या ४२० कलमाखाली ती फसवणूक होत नाही. प्रेक्षकाने तिकीट आपखुशीने काढलेले असते! न्यायालयाने कायदा आहे तसा वाचला, त्याचा दोष नाही. पण आमच्या दौंडच्या गवळ्याला हे समजावून सांगा. त्याने दुधात पाणी घातले तर भेसळ. गिऱ्हाईक तिथेही आपखुशीनेच येते. विधी आयोगाने २०१८ मध्ये निकाल विकण्याला स्वतंत्र गुन्हा करा अशी शिफारस केली. २०२५ च्या ऑगस्टात संसदेने क्रीडासंघटनांच्या कारभाराचा कायदा केला, त्यात ते कलम काही आले नाही. त्याच महिन्यात पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर बंदी मात्र आली, ते चांगले झाले. तोवर दौंडच्या फलाटावर गाडीची वाट पाहणारी पोरे भ्रमणध्वनीत 'संघ लावून' बापाचे उसाचे पैसे उडवीत होती, आणि तसे करा म्हणून सांगायला भिंतीभिंतीवर आपले लाडके खेळाडूच उभे होते.

संसद आपल्या ओट्यावर भरत नाही. पण जत्रेची कमिटी भरते. माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. बरोबरीला अर्धे इनाम देणे बंद करा. बरोबरी झाली तर दोघांना खुराकीपुरते द्या आणि उरलेली रक्कम गावच्या तालमीत जमा करा. निकाली कुस्तीत हरणाऱ्यालाही इनामाचा ठरलेला वाटा द्या, म्हणजे हरण्याची भीती जाईल. जोड कोणी लावली, त्याला किती पैसे मिळाले, हे जत्रेच्या हिशेबाच्या फळ्यावर खडूने लिहा. पंच शेजारच्या तालुक्यातला आणा. फडात चार पोरे भ्रमणध्वनीवर चित्रण करीतच असतात. तंटा झाला तर ते तिथल्या तिथे पाहा.

गेल्या वर्षी हे मी आमच्या कमिटीपुढे लिहून दिले. कागद वाचला गेला, चहा आला आणि विषय तमाशाच्या सुपारीकडे वळला. यंदाची बैठक तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी आहे. भाच्याला बरोबर नेणार आहे. वर्गणीची पावती त्याने खिशात ठेवली आहे, आणि फडलेला पैसा कुठे गेला हे विचारायला त्याला माझ्यासारखी भीड पडत नाही.