आधी अर्ज भरून बघा

"सर, पीएमपी करू का?" आर्थिक वर्ष संपत आले की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारा बहुधा तिशीच्या आतला स्थापत्य अभियंता. चार-पाच वर्षे साइटवर काढलेली, पगार अडकलेला आणि मोबाइलवर पुण्यातल्या क्लासची जाहिरात. पैसे त्याचे, रात्री जागून करायचा अभ्यासही त्याचाच, म्हणून त्याला नीट उत्तर मिळायला हवे.

प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही अमेरिकेतली संस्था 1969 ची, तिचे पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) हे प्रमाणपत्र 1984 पासूनचे. परीक्षेला 180 प्रश्न. पदवीधराला प्रकल्प चालवल्याचा 36 महिन्यांचा अनुभव आणि 35 तासांचे प्रशिक्षण लागते. पास झाल्यावरही दर तीन वर्षांनी 60 पीडीयू (व्यावसायिक प्रशिक्षणाचे गुण) जमवून नूतनीकरण करावे लागते, आणि त्याचीही फी असते.

जिल्ह्यातच राहून सार्वजनिक बांधकाम विभागाची किंवा जिल्हा परिषदेची कामे घ्यायची असतील, तर निविदेच्या छाननीत नोंदणीचा वर्ग, उलाढाल आणि तशाच कामाचा अनुभव बघतात. तिथे पीएमपी सहसा कोणी विचारत नाही. आखातात, आयटीत किंवा मुंबई-पुण्याच्या मोठ्या सल्लागार कंपनीत जायचे असेल, तर बायोडाटात ही तीन अक्षरे उपयोगी पडतात. तिकडे जायचे नक्की असेल तर जरूर करा.

ज्यांचे अजून नक्की नाही, त्यांना माझे सांगणे एकच: फी भरण्याआधी अर्ज भरून बघा. त्यात प्रत्येक प्रकल्पाचे उद्दिष्ट, तुमची जबाबदारी, निष्पत्ती आणि महिन्यांचा हिशेब लिहावा लागतो. एकाच वेळी दोन कामे चालवली तरी ते महिने एकदाच धरतात. पडताळणी निघाली तर वरिष्ठांची सही आणावी लागते. "साइटवर होतो" एवढ्यावर भागत नाही. निर्णय कोणता घेतला, ते सांगावे लागते.

मागच्या महिन्यात एका मुलाला कार्यालयात बसवून हे सगळे लिहायला कोरा कागद दिला. त्याने बांधलेला पूल मी पाहिला आहे, काम चोख आहे. अर्ध्या तासाने मान वर करून म्हणाला, "सर, लिहाले बसलो त तारीखच आठवून नाही राहिली." पाया खोदताना पहिला पाऊस कधी आला, काळ्या मातीत टिपर किती दिवस फसून होते, विजेचे खांब हलवायला पत्र कधी दिले, यातले काहीच त्याच्याकडे लिहिलेले नव्हते. बार चार्ट निविदेसोबत जोडला होता, तो पुन्हा उघडलाच नाही. मुदतवाढीच्या अर्जात मग "पावसामुळे" एवढाच शब्द उरला आणि दंडाची रक्कम रनिंग बिलातून कापली गेली. पीएमपीच्या अभ्यासक्रमात जोखीम आणि वेळापत्रकावर जे शिकवतात, ते या मुलाला पुलावर हवे होते, आणि त्यासाठी परीक्षा लागत नव्हती.

मोठ्या कामातही हेच लागू पडते. वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेमार्ग 2008-09 मध्ये मंजूर झाला, लांबी सुमारे 284 किलोमीटर. त्यातला वर्धा–कळंब हा पहिला टप्पा 28 फेब्रुवारी 2024 ला सुरू झाला. एवढ्या मोठ्या कामात भूसंपादन, निधी, परवानग्या यांचे हिशेब कोणा एका माणसाच्या प्रमाणपत्राने सुटत नाहीत. पण त्या कामावरच्या छोट्या ठेकेदाराला, अडथळा कोणत्या तारखेला आला आणि आपण कोणाला कळवले, हे दाखवता आले तर त्याचे पैसे वाचतात. मला आपल्या मुलांकडे ही ताकद हवी आहे, मग त्यांच्या नावापुढे तीन अक्षरे लागोत वा न लागोत.

तो मुलगा परवा आला होता. अर्ज अजून भरलेला नाही, एका वर्षाने बघू म्हणाला. दोनशे पानी वही मात्र सोबत होती. पहिल्या पानावर लिहिले होते: मुरूम 6 टिपर आला, 2 परत केले, मातीच जास्त, जेई साहेबांना दुपारी फोन, संध्याकाळी पत्र दिले, पोच घेतली.