किलोमीटरने न मोजता येणारा दिवस

पर्यटनाचा हंगाम उघडला की टॅक्सीभाड्याचा वाद दरवर्षी नव्याने पेटतो. विमानतळावरून कळंगुटला किती, मडगाव स्थानकावरून कोलव्याला किती, मीटर चालवावा की नाही, ॲपवाल्यांना शिरकाव द्यावा की नाही, या प्रश्नांवर मोर्चे निघतात, विधानसभेत आवाज चढतात आणि पावसाळा लागला की सारे काही थंडावते. या वादाची एक मौज आमच्या ध्यानात आली आहे. भांडण होते ते नेहमी एका टोकाहून दुसऱ्या टोकास जाण्याच्या भाड्याचे. सकाळी गाडी ठरवावी, चालकाला सोबत घ्यावे, आपल्या मनाजोगता प्रदेश पाहावा आणि दिवेलागणीला परतावे, अशा दिवसभराच्या भाड्याविषयी कोणी अवाक्षर काढीत नाही. वास्तविक पाहुण्याला गोव्याची ओळख होते ती अशाच दिवसात, आणि ती करून देणारा पहिला गोमंतकीय म्हणजे समोरच्या आसनावर बसलेला चालकच होय.

मांडवीतील बेटांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. चोडण आणि दिवाडी ही बेटे राजधानीच्या उंबरठ्यावर आहेत. तरीही दरवर्षी येणाऱ्या लाखो पर्यटकांपैकी फारच थोड्यांचे पाय तेथे लागतात. जे जातात त्यांतील बरेचसे भाड्याची दुचाकी घेऊन जातात, एका वळणावर छायाचित्र काढतात आणि पुढच्या फेरीबोटीने परततात. आणखीही एक वर्ग आहे आणि त्याच्याविषयी आम्हांला विशेष आस्था वाटते. मुंबई, पुणे, बेळगाव, कारवारहून कुलदैवताच्या दर्शनासाठी येणारी कुटुंबे एका दिवसापुरती गाडी ठरवितात. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी असा फोंड्याचा फेरा होतो, अभिषेकाची पावती फाडली जाते, प्रसादाचे जेवण होते आणि रात्रीच्या बसने मंडळी घरी परततात. मंगेश कुठ्ठाळीहून आला, शांतादुर्गा केळशीहून आली, म्हाळसा वेर्ण्याहून आली हे त्यांना ऐकून ठाऊक असते. परंतु देव जेथून निघाले ती भूमी पाहावी असे फार थोड्यांच्या मनात येते, आणि आले तरी तेथे नेणारा कोणी भेटत नाही.

बेटांचा असा दिवस कसा असू शकतो? सकाळी लवकर पणजीहून निघावे. रायबंदरचा रस्ता ज्या लांबलचक बांधावरून जातो तो १६३३-३४ साली बांधलेला लिन्यारिसचा पूल, हे चालकाने सांगितले तरच पाहुण्याला कळणार, नाही तर तो त्याच्या लेखी नुसता एक रस्ता. रायबंदरच्या धक्क्यावर आता २०२५ पासून रो-रो फेरी आली आहे, त्यामुळे गाड्यांची रांग पूर्वीपेक्षा लवकर सरकते. पलीकडे उतरताच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. आकार पाहिला तर अवघे १.७८ चौरस किलोमीटर, परंतु खारफुटीत होडी घालायची तर भरती-ओहोटीचे गणित जुळावे लागते. ज्याला त्या दिवसाच्या भरतीची वेळ ठाऊक नाही असा चालक पाहुण्याला चिखल दाखवून परत आणील. जाणकार चालक आदल्या रात्री होडीवाल्याला विचारून मगच निघण्याची वेळ सांगेल.

चोडणहून रस्त्याने मये आणि तेथून नार्वे. नार्व्याला सप्तकोटेश्वर आहे. कदंबांचे हे कुलदैवत मूळचे दिवाडीवरचे. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात तेथील देवालय उद्ध्वस्त केले. लिंग विहिरीच्या कामाला लावले गेले आणि भक्तांनी ते रातोरात नदीपार आणले असे परंपरा सांगते. १६६८ साली शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवालयाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा दिली. त्याची साक्ष देणारा शिलालेख दारावर आहे. अलीकडे पुरातत्त्व खात्याने या वास्तूचे नूतनीकरण केले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ती पुन्हा भाविकांसाठी खुली झाली. येथून थोड्या अंतरावर फेरीचा धक्का लागतो. पलीकडच्या तीरावर दिवाडी आणि तेथे जुन्या नार्व्याचे कोटीतीर्थ. देव ज्या पाण्यावरून या तीरास आला त्याच पाण्यावरून आपण उलट दिशेने जात आहोत, हे कळलेल्या पाहुण्याची फेरीतली ती थोडी मिनिटे आणि न कळलेल्याची मिनिटे सारखी असणार नाहीत.

कोणाला दिवाडीपेक्षा देवदर्शनाचीच ओढ अधिक असेल तर नार्व्याहून दुसरी वाट आहे. आमोण्याचा पूल ओलांडून खांडोळ्यास जावे. तेथील महागणपतीही मूळचा दिवाडीचाच. पुढे माशेलला देवकीकृष्ण आहे. तो चोडणहून निघाला, मयेमार्गे माशेलात स्थिरावला. म्हणजे सकाळी ज्या बेटावर आपण पक्षी पाहिले त्याच बेटाचा देव दुपारी माशेलात भेटतो. बाळकृष्णाला कडेवर घेतलेली देवकी पाहून परप्रांतीय भाविक हमखास चकित होतो. आषाढी एकादशी उलटल्यावर या देवळापुढच्या मैदानात चिखलकाला रंगतो. या दोन वाटांपैकी कोणती निवडावी हे पाहुण्याचे वय, त्याची हौस, पाऊस आणि फेरीची रांग यांवर अवलंबून असते. असा निर्णय कोणतेही यंत्र घेऊ शकत नाही. तो घेणारा माणूस लागतो.

आता व्यवहाराकडे वळू. हा सारा प्रवास मोजला तर अंतर फार होत नाही. तीन फेऱ्या, एक होडी, दोन देवळे, पिएदादच्या टेकडीवरची चर्च आणि संध्याकाळी जुन्या गोव्याच्या धक्क्यावर व्हाइसरॉयच्या कमानीपाशी उतरणे. दिवस मात्र पुरा जातो. टॅक्सीचा धंदा किलोमीटरवर चालतो. दिवसभराच्या भाड्यासाठी आठ तास आणि ऐंशी किलोमीटर असा जो हिशेब देशभर रूढ आहे, त्यातही चालकाचे डोळे किलोमीटरकडेच असतात, कारण जादा किलोमीटर म्हणजे जादा पैसा. बेटांच्या वाटेवर किलोमीटर वाढत नाहीत, वाढते ती प्रतीक्षा. फेरीच्या रांगेत उभी असलेली गाडी कमावीत नाही, आणि तेवढ्या वेळात विमानतळाच्या दोन फेऱ्या झाल्या असत्या असे चालकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. म्हणून तो पाहुण्याला सांगतो की बेटावर पाहण्यासारखे काही नाही. या उद्गाराला आम्ही सरसकट लबाडी म्हणणार नाही. ज्या दराने त्याला मोबदला मिळतो त्या दराने तेथे खरोखरच काही नाही.

मग ही तूट कोठून तरी भरून काढावी लागते. ती भरून निघते काजूच्या दुकानात, मसाल्याच्या बागेत, सायंकाळच्या नौकाविहाराच्या तिकिटात. पाहुणा तेथे जे खर्चितो त्याचा काही हिस्सा त्याला नेणाऱ्याच्या हाती पडतो, हे गुपित राहिलेले नाही. दलाली घेणारा प्रत्येक चालक पाहुण्याला फसवितोच असे नाही, काही बागा खरोखर चांगल्या आहेत. तथापि दिवसाचा मार्ग पाहुण्याच्या इच्छेने ठरला की दुकानदाराच्या हे पाहुण्याला कधीच कळत नाही, आणि मनाजोगत्या दिवसासाठी पैसे मोजलेल्या माणसाला ते कळलेच पाहिजे. आमचे म्हणणे साधे आहे. बेटांच्या दिवसाचा दर तासांवर असावा, तो प्रतीक्षेसकट असावा, तो चालकाला परवडेल इतका असावा आणि आधी लिहून दिलेला असावा. असा दर हाती पडत असेल तर काजूच्या दुकानापाशी गाडी थांबविण्याचे कारण उरत नाही, आणि पाहुण्यालाच काजू हवे असतील तर तो स्वतः सांगेल.

दर घासून घेणाऱ्या पाहुण्यालाही चार शब्द सुनावले पाहिजेत. सकाळी सातला बोलावलेला चालक रात्री नऊपर्यंत गाडीत बसून असतो, पाहुणे माशांच्या जेवणावर ताव मारतात आणि त्याने काय खाल्ले याची चौकशी करण्याचे भान पुष्कळांना राहत नाही. गोवा मुक्त झाला त्याच १९६१ साली संसदेने मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा केला. दिवसाचे आठ तास आणि सलग पाच तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाची विश्रांती असा नियम त्यात घातला गेला. परंतु तो होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांना. स्वतःची एकुलती एक गाडी स्वतःच हाकणाऱ्या आमच्या टॅक्सीमालकाला त्याचे छत्र मिळाले नाही. त्याची विश्रांती पाहुण्याच्या सभ्यतेवर सोडलेली आहे. बेटावर खाणावळी थोड्या आहेत हे लक्षात घेऊन जेवणाची वेळ आणि जागा आधीच ठरली, आणि चालकाचे ताट त्यात धरले गेले, तर दुपारनंतरचा प्रवास सुखरूप होण्याची शक्यता वाढते.

टॅक्सीमालकांच्या संघटनांविषयी आमची भूमिका वाचकांना ठाऊक आहे. २०१८ साली पर्यटन विकास महामंडळाच्या पुढाकाराने ॲपवरील टॅक्सीसेवा आली तेव्हापासून त्यांनी जो विरोध चालविला आहे, त्यामागची भीती आम्ही समजू शकतो. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले. ट्रक दारात उभे राहिले आणि डिचोलीच्या पट्ट्यातील काहींनी कर्ज काढून टॅक्सी घेतली. त्यांच्या पोटावर पाय येऊ नये असे कोणाही गोमंतकीयाला वाटेल. परंतु केवळ भूमिपुत्र असल्याच्या दाखल्यावर धंदा टिकत नाही. विमानतळ ते हॉटेल हा प्रवास ॲप अधिक स्वस्त आणि बिनभांडणाचा करू शकते, आणि ते करणारच. मयेच्या माणसाला जे नार्वे ठाऊक आहे, चोडणच्या माणसाला जी खाडी ठाऊक आहे, ती मात्र ॲपला ठाऊक नाही. स्थानिक चालकाची खरी मिरास ही आहे. तीवर हक्क सांगावयाचा तर दर लपवून चालणार नाही, आणि मीटर बंद ठेवून तर मुळीच नाही.

या ठिकाणी कोणी आक्षेप घेईल की अशा लेखांनी बेटांवर गर्दी लोटेल आणि आज जी शांतता आहे तीही जाईल. आक्षेप खरा आहे. दिवाडीला मुख्य भूमीशी जोडणारा पूल नाही, आणि म्हणूनच तेथील खाजन शेते, मानशी आणि जुनी घरे बऱ्याच अंशी शाबूत राहिली. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेरा होतो तेव्हा फेरीवर किती माणूस चढते हे पाहणाऱ्याला बेटाच्या सोसण्याची मर्यादा कळते. लोकांच्या अंगणात शिरून छायाचित्रे काढणे, खाजनाच्या बांधावर मोटारी चढविणे, भाताच्या शेतात बाटल्या फेकणे हे प्रकार दिवाडीकरांना नवे नाहीत. परंतु हे करणारे बहुधा स्वतः वाहन हाकीत आलेले असतात. सोबत गावाची ओळख असलेला चालक असेल तर तो बांधावर गाडी चढवीत नाही, कारण उद्या पुन्हा त्याच वाटेने त्याला यावयाचे असते आणि बांध फुटला तर कोणाचे कोरगुट भात खाऱ्या पाण्याखाली जाईल हे त्याला नावानिशी ठाऊक असते. येथे चार पाहुण्यांची एक गाडी चार दुचाक्यांपेक्षा बेटाला कमी जड होते असे आमचे मत आहे. फेरीबोट ही बेटवासीयांच्या शाळेची, दवाखान्याची आणि नोकरीची वाट आहे. पणजीचा मांडवी पूल १९८६ साली कोसळला तेव्हा पणजीकरांनाही ती काय चीज आहे ते कळले होते. सकाळी कामावर जाणाऱ्यांच्या वेळेत पर्यटकांच्या गाड्यांनी रांगेत घुसू नये एवढा निर्बंध घालण्यास कोणाची हरकत नसावी.

सरकारने करावयाचे काम मोठे नाही. पर्यटन खाते आणि वाहतूक खाते यांनी टॅक्सी संघटनांना एकत्र बसवून बेटांच्या दिवसाचा तासांवरील दर ठरवावा. सहा तास आणि नऊ तास असे दोनच प्रकार पुरेत. चोडण, मये, नार्वे, दिवाडी आणि माशेल येथील ज्या चालकांची इच्छा असेल त्यांना पुरातत्त्व आणि वन खात्यांच्या जाणकारांकडून चार दिवसांचे शिक्षण द्यावे. नार्व्याच्या शिलालेखात काय आहे, कोटीतीर्थावर पादत्राणे घालून का उतरू नये, होडीत बसल्यावर मोठ्याने का बोलू नये, एवढे आले तरी खूप झाले. दराचा फलक रायबंदर, जुने गोवे आणि नार्वे या तिन्ही धक्क्यांवर मराठी, कोकणी, इंग्रजी आणि हिंदीत लागावा. त्याच फलकावर नदी परिवहन खात्याने नार्वे-दिवाडी मार्गावरील शेवटच्या फेरीची वेळ मोठ्या अक्षरांत लिहावी. ती चुकली की गाडीला आमोणे, माशेल, बाणस्तारी असा वळसा घालून पणजी गाठावी लागते, आणि त्या वळशाचे तास कोणाच्या खात्यावर पडतात हे सकाळी निघण्यापूर्वीच ठरलेले बरे.