नेगेवमधील आपली गावे : येरुहाम



गावे साधारणतः पाण्यापाशी वसतात. आपले पूर्वज कोकणात ज्या गावांतून पिढ्यानुपिढ्या नांदले, त्या गावांना विहीर होती, ओढा होता, खाडी होती. त्यांच्या आधारानेच तेथे भात पिकला, नारळ वाढला आणि माणसेही वाढली. नेगेवमध्ये मात्र काही गावे पाण्यामुळे नव्हे, तर रस्त्यामुळे वसली. येरुहाम हे त्यांपैकी एक. जे गाव रस्त्याच्या भरवशावर वसविले, त्याच्या दारावरून रस्ताच निघून गेला तर त्या गावाने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर देण्यातच येरुहामची सत्तर वर्षे गेली आहेत.

दिमोनाच्या नैर्ऋत्येस सुमारे पंधरा किलोमीटरांवर, स्दे बोकेरकडे जाणाऱ्या वाटेवर हे गाव आहे. वर्षाकाठी येथे पाऊस पडतो तो अवघा शंभर मिलिमीटरांच्या आसपास. अलिबागच्या किनाऱ्यावर दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पाहिलेल्या माणसाला त्याला पाऊस म्हणण्याचाही संकोच वाटावा! जवळच ‘रख्मा’ या अरबी नावाची जुनी विहीर व टेकाड आहे. त्या नावाशी मिळतेजुळते म्हणून ‘येरुहाम’ हे तनाखमधील नाव गावास दिले गेले. शमुवेल नबीचे वडील एलकाना हे येरुहामचे पुत्र, हे आपण वाचलेच आहे. ‘रहमीम’ म्हणजे दया. तोच धातू या नावात आहे. हागारेला अरण्यात देवदूत भेटला तो याच विहिरीपाशी, अशी एक समजूतही येथे सांगितली जाते.

आता रस्त्याविषयी. ब्रिटिश अमदानीत तेल शोधणाऱ्यांनी या भागात एक वाट काढली होती. तिला अजूनही ‘देरेख हानेफ्त’, म्हणजे तेलाचा रस्ता, म्हणतात. आपण ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले गेलेलो लोक. आपल्याला या नावाची गंमत वाटल्यावाचून राहणार नाही. राज्याच्या स्थापनेनंतर दक्षिणेकडे एलातला जाण्यासाठी हीच वाट कामी आली. येरुहामवरून मोठ्या मख्तेशात उतरायचे, तेथून माआले अक्राबीमच्या, म्हणजे विंचवांच्या घाटाच्या, वळणांनी अरावात पोहोचायचे, असा तो मार्ग. तोरामध्ये देशाची दक्षिण सीमा सांगताना ज्या चढणीचा उल्लेख येतो, तिचेच नाव या घाटाला आहे. या मार्गावर १९५१ च्या जानेवारीत ‘क्फार येरुहाम’ची वसाहत उभी राहिली. पहिले रहिवासी रुमानियातून आले. हिटलरच्या छळातून वाचलेली माणसे त्यांत पुष्कळ होती. मागाहून मोरोक्को व उत्तर आफ्रिकेतील इतर देश, इराण आणि हिंदुस्थान येथून ओलीम आले. १९५९ मध्ये गावास स्थानिक परिषद मिळाली.

परंतु तोपर्यंत रस्त्याचे दैव फिरले होते. १७ मार्च १९५४ रोजी एलातहून परतणाऱ्या बसवर माआले अक्राबीमच्या घाटात हल्ला झाला आणि अकरा जणांचा बळी गेला. घाट अरुंद, अवघड आणि निर्जन. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात बेरशेबाहून मित्झपे रामोनमार्गे एलातपर्यंत नवी सडक झाली आणि येरुहामवरची वाहतूक तिकडे वळली. पुढे १९६० च्या दशकात अरावामधून आणखी सोयीचा मार्ग झाला, तेव्हा मित्झपे रामोनच्या वाट्यालाही तेच आले. नकाशावर एक रेघ सरकवायला किती वेळ लागतो? परंतु त्या रेघेवर ज्यांना नेऊन बसविले होते, त्यांना असे सरकता येत नाही. त्यांची मुले तेथल्या शाळेत जाऊ लागलेली असतात, म्हाताऱ्यांची हाडे तेथल्या मातीत विसावलेली असतात.

रस्ता गेल्यावर पोटापाण्यासाठी माणसेच रोज गावाबाहेर जाऊ लागली. ओरोनच्या फॉस्फेटच्या खाणी, मृत समुद्राच्या काठचे कारखाने, दिमोनाच्या कापडगिरण्या अशी कामाची ठिकाणे होती. मुंबईत रेल्वेत, गोदीत, गिरणीत वा कचेरीत ज्यांनी उमेद घालविली, त्यांना या वयात उन्हातान्हात नवे काम शिकावे लागले आणि तेही परक्या भाषेत. पुढील दशकांत गावातच बाटल्यांचा, सिरॅमिक फरश्यांचा, औषधे व प्रसाधनांचा असे कारखाने निघाले. तरीही १९८० च्या दशकात येरुहामचे नाव वर्तमानपत्रांत येई ते बहुधा बेकारीच्या संदर्भातच. शिकलेली मुले मध्य भागाकडे निघून जात. सत्तेच्या केंद्रापासून दूर राहणाऱ्यांचे रडगाणे म्हणून त्यांच्या तक्रारीकडे पाहिले गेले. आपणांस हा अनुभव नवा नाही. १९६२ मध्ये आपल्या विवाहांविषयी शंका काढल्या गेल्या, तेव्हा १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेतने ठराव करीपर्यंत आपल्यालाही रस्त्यावर बसूनच आपले म्हणणे ऐकवावे लागले होते.

याच आडबाजूच्या गावाने एकदा साऱ्या देशाला विचार करावयास लावले. येथील धार्मिक परिषदेवर लेआ शाकदिएल या धर्मनिष्ठ शिक्षिकेची निवड झाली. स्त्रीने त्या परिषदेवर बसावे की नाही, असा वाद उठला आणि तिची नेमणूक अडविली गेली. त्या न्यायालयात गेल्या आणि १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. धार्मिक परिषदेवर बसणारी देशातील पहिली स्त्री येरुहामची, ही गोष्ट आपल्या भगिनींनी जरूर ध्यानात ठेवावी.

गावाचा कारभारही मध्यंतरी बिघडला होता. २००५ मध्ये सरकारने अमराम मित्झना यांना प्रमुख नेमले. २०१० पर्यंत त्यांनी तो सांभाळला व नंतर गावाने पुन्हा आपला प्रमुख आपणच निवडला. २०१० च्या दशकात जवळच नेगेव चौकापाशी लष्कराचे मोठे प्रशिक्षणनगर उभे राहिले. आज येरुहामची वस्ती दहा हजारांच्या वर गेली आहे. १९५० च्या दशकात ओढ्याला बांध घालून केलेल्या तलावावर पक्षी उतरतात, सुटीच्या दिवशी मुलेबाळे खेळतात. मोठ्या मख्तेशातील रंगीत वाळू पाहण्यास दूरदूरचे लोक येतात, आणि गावातील काही गृहिणी अशा पाहुण्यांना स्वतःच्या घरी बसवून आपापल्या देशाच्या पद्धतीचे जेवण वाढतात. पूर्वी रस्ता येथून जात होता म्हणून प्रवासी थांबे. आता तो मुद्दाम वाट वाकडी करून येतो. रस्त्याने दिलेल्या गिऱ्हाइकापेक्षा माणसांनी जोडलेला हा पाहुणा अधिक मोलाचा, असे आम्हांस वाटते.

तरीही एक काम राहिले आहे आणि ते आपले आहे. शासनाच्या दप्तरांत रस्त्यांच्या व कारखान्यांच्या तारखा आहेत. परंतु बोटीतून वा विमानातून उतरलेल्या आपल्या माणसांनी वाळवंटातली पहिली रात्र कशी काढली, मलिद्यासाठी पोहे आणि नारळ कोठून मिळविले, मिन्यान कसे जमविले, हे दप्तरात नाही. ते आपल्या आजीआजोबांच्या स्मरणात आहे आणि ती पिढी आता वेगाने आपल्यातून जात आहे. ज्यांच्या घरी येरुहामची, दिमोनाची वा अशाच एखाद्या गावाची आठवण सांगणारे वडीलधारे असतील, त्यांनी येत्या शब्बाथनंतर त्यांच्यापाशी बसावे, विचारावे आणि मराठीत, हिब्रूत, जमेल त्या भाषेत लिहून ठेवावे. रस्त्याची नोंद सरकार ठेवते. माणसांची नोंद घरच्यांनीच ठेवावी लागते.

शालोम.