दिवे नकोत, वायर हवी

सरळ मुद्द्यावर येतो. काउंटर-स्ट्राइक किंवा व्हॅलोरंट मन लावून खेळत असाल आणि सध्या "एक मस्त गेमिंग हेडसेट घेऊया" असं डोक्यात घोळत असेल, तर घेऊ नका. साधे, वायरवाले, कानात बसणारे इअरफोन घ्या. दोन हजारांच्या आसपास काम होतं. उरलेल्या पैशात चांगला माउस घ्या, नाहीतर आईला साडी घ्या, पण त्या सात रंगांत लुकलुकणाऱ्या दिव्यांवर घालवू नका. (दिवे तसेही आपल्याला दिसत नाहीत, हेडसेट आपल्याच डोक्यावर असतो!)

आता तुम्ही म्हणाल, आवाजाचं एवढं काय कौतुक? तर मंडळी, या खेळांमध्ये आवाज म्हणजे पार्श्वसंगीत नव्हे. आवाज म्हणजे माहिती. समोरचा पळत आला की पावलं ऐकू येतात, शिफ्ट दाबून चालला की येत नाहीत. मॅगझिन बदलली, स्नायपरची दुर्बीण डोळ्याला लावली, बॉम्ब निकामी करायला घेतला, प्रत्येकाचा वेगळा आवाज. भिंतीपलीकडचं डोळ्यांना दिसत नाही, ते कानांना दिसतं.

आता थोडं इंजिनिअरिंग, झेपेल तेवढंच. आवाज उजवीकडून आला की उजव्या कानाला आधी पोचतो, डाव्या कानाला किंचित उशिरा. किती? आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, आणि डोक्याला वळसा घालून पलीकडच्या कानापर्यंतचं जादा अंतर वीस-बावीस सेंटीमीटरचं. म्हणजे फरक जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद. एवढ्याशा फरकावर मेंदू दिशा ओळखतो. वरच्या पट्टीतल्या आवाजांसाठी डोक्याची सावली उपयोगी पडते, पलीकडच्या कानाला आवाज कमी पोचतो. आणि पुढे-मागे, वर-खाली हे कळतं ते बाहेरच्या कानाच्या घड्यांमुळे. त्या घड्यांवर आपटून आवाजाचा पोत बदलतो आणि मेंदूला तो बदल लहानपणापासून पाठ असतो.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, आपल्याला कान दोनच आहेत. त्यामुळे खोक्यावर "७.१ सराउंड" लिहिलेल्या बहुतेक हेडसेटमध्येही प्रत्यक्षात दोनच स्पीकर असतात, बाकीचं सगळं सॉफ्टवेअर. दुसरी, तेच गणित आता गेम स्वतः करतो. डोकं आणि कान आवाजाला कसे बदलतात याच्या मॉडेलला एचआरटीएफ म्हणतात. व्हॉल्व्हने २०१७ मध्ये स्टीम ऑडिओ आणलं ते याचसाठी, आणि व्हॅलोरंटच्या सेटिंगमध्येही एचआरटीएफचं बटण आहे. गेमने एकदा हिशोब केल्यावर त्यावर हेडसेटचं सराउंड चढवलं की दोनदा फोडणी दिलेल्या आमटीसारखं होतं. पाऊल पुढे की मागे तेच कळेनासं होतं. म्हणून सेटिंग स्टिरिओ ठेवा, एचआरटीएफ गेमचं चालू ठेवा आणि बाकी सगळी जादू बंद.

"कानात घातले की बाहेरच्या कानाच्या घड्या वगळल्या जातात, मग पुढे-मागे कसं कळणार?" बरोबर प्रश्न. पण घड्यांचं काम गेमने आधीच केलेलं असतं. उलट इअरफोन ते बिघडवत नाहीत, थेट कानात पोचवतात. फक्त मॉडेल सरासरी कानाचं असतं, तुमच्या कानाचं नाही, म्हणून सवय व्हायला थोडे दिवस जातात.

आता वायरच का? साधा ब्लूटूथ आवाज पोचवायला सहज दीड-दोनशे मिलिसेकंद घेतो. गाणी ऐकताना काही बिघडत नाही. दोन्ही कानांना सारखाच उशीर होतो, त्यामुळे दिशाही बरोबर कळते. पण खबर शिळी असते. काउंटर-स्ट्राइकमध्ये चाकू हातात घेऊन पळणारा सेकंदाला २५० युनिट जातो. दोनशे मिलिसेकंदांत झाले ५० युनिट, आणि खेळाडूची रुंदी ३२ युनिट. म्हणजे पाऊल ऐकू येईपर्यंत गडी दीड देहाएवढा पुढे सरकलेला! त्यात माइक चालू केला की जुन्या पद्धतीचा ब्लूटूथ फोनकॉलच्या मोडमध्ये जातो, आवाज मोनो होतो, मग दिशा वगैरे विसराच. डोंगलवाले वायरलेस हेडसेट यापेक्षा खूपच बरे, ते मान्य. पण ते महाग, आणि बॅटरी नेमकी ओव्हरटाइममध्ये संपते. वायरला चार्जिंग लागत नाही.

मोठ्या लॅन स्पर्धांचे फोटो नीट बघा. डोक्यावर भलंमोठं हेडसेट दिसतं खरं, पण बऱ्याचदा गेमचा आवाज येत असतो आतल्या छोट्या वायरवाल्या इअरफोनमधून. वरच्या हेडसेटचं काम प्रेक्षकांचा आरडाओरडा अडवणं, त्यात व्हाइट नॉइज सोडलेला असतो, नाहीतर शत्रू कुठे लपलाय ते पब्लिकच ओरडून सांगेल. आणि जाहिरातीत काय दिसतं? अर्थात वरचं हेडसेट.

पण हे सगळं जिंकण्या-हरण्याचं झालं. माझ्या मते खरं कारण वेगळं आहे.

आपल्याकडच्या खोलीची कल्पना करा. डोक्यावर पंखा पाचवर, स्वयंपाकघरात कुकर, खाली रिक्षा, शेजारी ड्रिलिंग. या सगळ्यावर मात करून पाऊल ऐकायचं म्हणून आपण आवाज वाढवतो. आता पाऊल हा गेममधला हलका आवाज आणि बंदूक हा मोठा. पाऊल स्पष्ट ऐकू येईल एवढा आवाज ठेवला की प्रत्येक गोळी कानात हातोड्यासारखी बसते. रोज दोन-तीन तास, शनिवार-रविवारी त्याहून जास्त.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे: ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतील, पण ९० डेसिबलला फक्त ४ तास. दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. २०२४ मध्ये बीएमजे पब्लिक हेल्थमध्ये १४ अभ्यासांचा आढावा आला होता, त्यातही गेमर लोकांना ऐकू कमी येण्याचा आणि कानात कायम शिट्टी वाजत राहण्याचा धोका असू शकतो असंच म्हटलंय. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. ग्राफिक कार्ड बदलता येतं, हे नाही.

कानात नीट बसलेला इअरफोन बाहेरचा गोंगाट बराचसा बाहेरच ठेवतो. मग तेच पाऊल कमी आवाजात ऐकू येतं आणि गोळीही तेवढीच खाली येते. अर्थात इअरफोन आपोआप कान वाचवत नाही. शांतता मिळाली म्हणून आवाज तेवढाच ठेवलात तर उलट घातच. म्हणून एक साधी पद्धत: आवाज पावलांवरून ठरवू नका. सरावाच्या मॅपवर जा, एके-४७ भिंतीवर रिकामी करा, त्रास होणार नाही इतपत आवाज ठेवा आणि मग त्याला हात लावू नका. गेममधलं संगीत शून्यावर.

घेताना काय बघायचं? रबरी टिपांचे तीन-चार साइज हवेत, कारण टीप नीट बसली नाही तर बेस जातो आणि गोंगाट आत येतो. केबल काढता येणारी असेल तर उत्तम, कारण आधी तुटते तीच. मूनड्रॉप, केझेड वगैरे चिनी कंपन्यांनी या किमतीत मोठ्या ब्रँडची झोप उडवली आहे. सीपीयूला माइक आणि हेडफोनची वेगळी भोकं असतील तर स्प्लिटर लागेल. समोरच्या जॅकमधून खरखर आली तर स्वस्तातला यूएसबी डॅक लावा.

तोटे आहेतच. तासाभराने कान दुखू शकतात, टिपा धुवाव्या लागतात, आणि आई जेवायला हाक मारते ती ऐकू येत नाही. (तिसरा तोटा सगळ्यात गंभीर!) दर तासाला काढून ठेवा, तिन्ही प्रश्न बऱ्यापैकी सुटतात.

आणि हो, याने तुमचा रँक वाढेल असं मी म्हणत नाही. नेम चुकत असेल तर इअरफोन काय करणार? पण खेळ आज ना उद्या सुटेल. नोकरी, लग्न, पोरंबाळं, कुणाचा सुटला नाही? कान मात्र पुढची पन्नास वर्षं वापरायचेत. त्या हिशोबाने दोन हजार रुपये फार नाहीत.

असो. वायर माउसमध्ये अडकते ही तक्रार सोडून बाकी सगळ्या तक्रारी ऐकायला तयार आहे. :-)