हृदयाचा एम.आर.आय. : चुंबकाच्या खोलीत जाण्यापूर्वी



घरात कुणाला दम लागू लागला, छातीत दुखू लागले, की कार्डिओग्राम निघतो, मग इको होतो. तेवढ्याने उलगडा झाला नाही तर डॉक्टर मोठ्या शहरात पाठवतात, ‘हृदयाचा एम.आर.आय. करून आणा’ म्हणून. चिठ्ठी हाती पडली की घरात आधी खर्चाची चर्चा, मग भीतीची. म्हणून आज त्याविषयी चार गोष्टी.

या यंत्रात क्ष-किरण नसतात. असते ते मोठे चुंबक आणि रेडिओलहरी. त्यांच्या साहाय्याने शरीरातील पाण्यातून व चरबीतून येणारे संदेश टिपून चित्र तयार होते. पण गुडघा गप्प पडून राहतो, हृदय राहत नाही. उड्या मारणाऱ्या वासराचा फोटो काढण्यासारखेच हे काम! म्हणून छातीवर कार्डिओग्रामच्या चकत्या लावून ठोक्याच्या तालावर चित्रे घेतात आणि मधून मधून दहा-पंधरा सेकंद श्वास रोखायला सांगतात. बहुधा श्वास सोडून मग थांबायचे असते. घरी आठवडाभर सराव करा. तासभर लागू शकतो, आत ठकठक आवाज फार होतो, पण दुखत काही नाही.

आता याचा खरा उपयोग. पाण्यावाचून माना टाकलेले पीक आणि मुळापासून वाळलेले पीक बांधावरून पाहिले तर सारखेच वाटते. पहिल्याला पाणी दिले की ते उभे राहते, दुसऱ्यावर ओतलेले पाणी वाया. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या स्नायूचेही तसेच. शिरेतून गॅडोलिनियम नावाचे औषध देऊन सुमारे दहा मिनिटांनी चित्रे घेतली की मेलेला, व्रण झालेला भाग पांढरा दिसतो. बायपास करून किती हाती लागेल, हे ठरवताना याची मदत होते. हृदयाच्या स्नायूची सूज, स्नायू जाड होण्याचे रोग, हेही कळतात. मात्र मूत्रपिंड अधू असेल तर ते आधी सांगा. मधुमेही मंडळींनी क्रिएटिनिनचा कागद जवळ ठेवावा.

छातीत आत्ता कळ येत असेल, घाम फुटला असेल, तर एम.आर.आय.च्या नादी लागू नका. तेव्हा ताबडतोब कार्डिओग्राम आणि जवळचे रुग्णालय.

सर्वांत जपायचे ते लोखंडाला. नेहमीच्या दीड टेस्लाच्या यंत्राचे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३० हजार पट असते, आणि तपासणी संपली म्हणून ते बंद होत नाही, रात्रंदिवस चालूच राहते. २०१८ च्या जानेवारीत मुंबईच्या एका रुग्णालयात प्राणवायूचा सिलिंडर घेऊन या खोलीत गेलेल्या, रुग्णाच्या तरुण नातेवाइकाचा जीव गेला. तेव्हा सोबत्यानेही कोपरीच्या खिशातला अडकित्ता, चुन्याची डबी, किल्ल्या, मोबाइल बाहेरच ठेवावा. कुणी ‘चला आत, काही होत नाही’ म्हणाले तरी ऐकू नये.

बायकांनी मंगळसूत्र, जोडवी, केसांतल्या पिना घरीच उतरवून ठेवाव्यात. तिथे ऐनवेळी काढताना जीव खालीवर होतो आणि दागिना हरवण्याची धास्ती वेगळीच. पेसमेकर असेल तर त्याचे कार्ड दाखवल्याशिवाय आत जाऊ नका. काही पेसमेकरांना ही तपासणी विशेष काळजी घेऊन चालते, काहींना नाही. स्टेंट बहुतेक चालतात, तरी कागद न्या. आणि एक गोष्ट आपली माणसे हमखास विसरतात : वेल्डिंग करताना, विळा-कुऱ्हाड घासताना डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का? वीस वर्षांपूर्वी गेला असला तरी सांगा. तो कण हलला तर डोळा जाऊ शकतो.

आतून सूचना कर्ण्यातून येतात, कधी हिंदीत, कधी इंग्रजीत. म्हातारीला त्या कळणार नसतील तर ‘श्वास घ्या, सोडा, थांबा’ हे मराठीत सांगा, अशी तिथल्या माणसाला आधीच विनंती करा.