फी कोणी भरली?

न्यूयॉर्कमधल्या इंग्रजीच्या वर्गाची फी शशी गोडबोलेने स्वतःच्या पैशातून भरली. लाडू विकून साठवलेल्या पैशातून. चार आठवड्यांच्या त्या वर्गासाठी तिने नवऱ्यापुढे हात पसरला नाही, की बहिणीकडे उसने मागितले नाहीत. शशी ज्याची नायिका आहे, तो गौरी शिंदे यांचा ‘इंग्लिश विंग्लिश’ हा चित्रपट २०१२ मध्ये आला. तेव्हापासून त्यावर भरपूर बोललं गेलं. शशी झालेल्या श्रीदेवीचं पुनरागमन, कॉफीच्या दुकानातली फजिती, लग्नातलं भाषण, सगळं झालं. ही फी मात्र चर्चेत येत नाही.

ती यायला हवी. कारण सगळा चित्रपट तिच्यावर उभा आहे. इंग्रजी शिकल्यामुळे शशीला मान मिळाला, असं आपण म्हणतो. पण शिकायचं ठरवण्याचं बळ तिला कुठून आलं? ते तिच्याजवळ आधीच होतं. पुण्याच्या घरातून ती ऑर्डरी घेत होती, लाडू वळत होती, गिऱ्हाइकांना नेऊन देत होती, पैसे बाजूला टाकत होती. हा धंदाच आहे. घरात तो कोणी धंदा मानला नाही, एवढंच.

नवरा, सतीश, वाईट माणूस नाही. म्हणूनच त्याचं एक वाक्य जास्त लागतं. माझ्या बायकोचा जन्मच लाडू करायला झालाय, असं तो चारचौघांत सांगतो. हसत, कौतुकाने. शशीचा चेहरा तिथल्या तिथे उतरतो. त्या एका वाक्याने तिचा धंदा तिचा स्वभाव होऊन जातो. आणि स्वभावाचे पैसे कोण देतं? वर्गातल्या परक्या शिक्षकाला तिच्या मोडक्यातोडक्या दोन वाक्यांत कळलं, की ही बाई उद्योजिका आहे. नवऱ्याला इतक्या वर्षांच्या संसारात कळलं नाही.

शेवटी वर्गाच्या परीक्षेचा आणि भाचीच्या लग्नाचा दिवस एकच येतो. मुलाच्या खोडीत लाडू वाया जातात. शशी परीक्षा सोडून ते पुन्हा करायला बसते. याला अनेकांनी आईचा, गृहिणीचा त्याग म्हटलं. मला ते मान्य नाही. बाजारातून लाडू आणता आले असते. तिने नाकारलं, कारण ज्या कामात तिचा हात धरणारा कोणी नाही, त्या कामात तिला विकतचा माल ताटात वाढायचा नव्हता. एखाद्या सुताराने किंवा गवयाने असं केलं असतं तर आपण त्याला कामावरची निष्ठा म्हटलं असतं. शशीने केलं की तो त्याग होतो. म्हणजे आपणही सतीशच्याच पंगतीला बसलो.

गौरी शिंदे पुण्याच्या. त्यांच्या आई घरातून लोणच्यांचा व्यवसाय करत. आईच्या इंग्रजीची लहानपणी आपल्याला लाज वाटायची, हे शिंदे यांनी उघड सांगितलं आहे. कथा, पटकथा आणि दिग्दर्शन तिन्ही त्यांचंच. फीचा हा तपशील म्हणूनच सहज सुचलेला वाटत नाही. बरण्यांचे पैसे घरात कुठे मुरतात, हे ज्या मुलीने पाहिलं, तिलाच तो सुचणार.

आपल्याकडे घरोघरी हेच चाललं आहे. कोणी दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते, कोणी पुरणपोळ्यांच्या, कोणी डबे देते. मुलाच्या क्लासचे पैसे त्यातून जातात, अडीनडीला सिलिंडर येतो. घरचे मात्र म्हणतात, ‘तिचं आपलं काहीतरी चालू असतं.’ गिऱ्हाईक म्हणतं, ‘घरचंच आहे ना, मग एवढे कसे?’ १९५९ मध्ये गिरगावातल्या सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जत उभं राहिलं. त्यांचा जन्मच पापड लाटायला झाला होता, असं म्हणायची आज कोणाची छाती होणार नाही. घरात एकटीने केलेल्या त्याच कामाला आपण हौस म्हणतो.

शाळेच्या फॉर्मवर आईच्या व्यवसायाचा रकाना असतो. तिथे विचार न करता ‘गृहिणी’ लिहून मोकळं होऊ नका. आधी तिला विचारा. ती लाडू विकत असेल तर तसं लिहा, आणि मिळकतीच्या रकान्यात तिचा आकडाही लिहा.