एका खोलीत सहा कप्पे

गेले काही महिने भाच्याच्या आग्रहाने मी एका नव्या उद्योगात पडलो आहे. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचं मराठीकरण करणारा एक छोटा गट आहे, त्यांचे शब्द तपासून द्यायचे. ‘सेव्ह’ला ‘जतन करा’, ‘एडिट’ला ‘संपादन’ वगैरे. पगार नाही, हजेरीपट नाही. निवृत्त मास्तराला आणखी काय हवं?

पण पहिल्याच आठवड्यात अडलो. ‘दऱ्या’ लिहायला गेलो की ‘दर्या’ उमटायचं. सह्याद्रीच्या दऱ्यांचा एकदम समुद्र! ‘आचाऱ्यांनी’चं ‘आचार्यांनी’ होऊन स्वयंपाकी थेट गुरुपदाला पोचले. गटाच्या चर्चेचे सहा कप्पे केलेले आहेत: नवागत, अनुवादक, फॉन्ट, धोरण, घोषणा आणि अवांतर. मी आज्ञाधारकपणे ‘नवागत’मध्ये विचारलं. तीन आठवडे चिडीचूप. शेवटी भाचा म्हणाला, "मामा, तिथे जाणतं कुणी बसतच नाही. अनुवादकांत विचारा."

तिथे तासाभरात उत्तर आलं. साध्या ‘र’ऐवजी खाली टिंब असलेला ‘ऱ’ घ्या, त्याला हलन्त लावा, मग ‘य’. युनिकोडमध्ये हे अक्षर मुळात द्राविडी भाषांतल्या एका उच्चारासाठी ठेवलेलं; त्याचंच अर्धं रूप आपल्या ‘ऱ्य’च्या कामी येतं. दोन ओळींचं उत्तर, आणि त्यासाठी मी तीन आठवडे रिकाम्या खोलीत हाका मारत होतो.

कप्पे करायची पद्धत आली कुठून, तर मोठ्या घरांतून. १९९३ साली सुरू झालेल्या ‘डेबियन’मध्ये वापरणाऱ्यांची चर्चा वेगळी, बनवणाऱ्यांची वेगळी, भाषांतराची वेगळी. त्यांना ते लागतंच. तिथे माणसंच इतकी, की सगळे एकत्र बोलले तर प्रोग्राम लिहिणारा बिचारा बुडून जाईल. इंग्रजी विकिपीडियातही चर्चेच्या जागेला गावातल्या पाण्याच्या पंपाचं नाव, आणि त्या पंपाचेही विषयवार भाग. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाने मात्र पंपाचं भाषांतर केलं नाही, ‘चावडी’ म्हटलं. मला हा शब्द फार आवडला. चावडीवर तक्रार घेऊन आलेला आणि उत्तर ठाऊक असलेला एकाच ओट्यावर बसतात. (पुढे चावडीचेही भाग पडले, ते असो.)

डोंबिवलीत आमचा संसार एका खोलीत सुरू झाला. तिथेच स्वयंपाक, तिथेच मुलांचा अभ्यास, तिथेच पाहुण्यांची पथारी. गैरसोय होती, पण कुणाचं काय अडलंय ते न सांगता कळायचं. आमच्या गटात लिहिणारी माणसं जेमतेम दहा आणि कप्पे सहा!

भाच्याचं म्हणणं, सगळं एकत्र केलं तर दिवसाला चाळीस पत्रं येतील आणि लोक पळतील. खरं आहे. पण कोपराला कोपर लागायला लागलं की भिंत घालावी, आधी नाही. आणि घालायचीच तर विषयाची घाला, नवख्यांची आणि जाणत्यांची नको. आम्ही वर्गात कच्ची मुलं हुशार मुलांच्या शेजारी बसवायचो, ती उगाच नाही.

दुसरी सूचना आली ती मोबाइलवर गट काढण्याची. त्याला माझा साफ विरोध. शाळेत सूचना वही असायची. शिपाई ती वर्गावर्गात फिरवायचा, आम्ही वाचून सही करायचो. नवीन आलेल्या शिक्षकालाही मागची पानं उलटून जुना निर्णय दाखवता यायचा. ‘ऱ्य’चं उत्तर मोबाइलवर मिळालं असतं तर शुभेच्छांच्या फुलांखाली आठवड्यात गाडलं गेलं असतं, आणि पुढच्या वर्षी येणाऱ्याने पुन्हा तेच विचारलं असतं.

म्हणून मी रीतसर लिहून प्रस्ताव दिला आहे: नवागत आणि अनुवादक एक करा, धोरण आणि अवांतरही त्यातच घ्या. फॉन्टवाल्यांना राहू दे वेगळं, त्यांचं बोलणं आम्हाला तसंही कळत नाही. घोषणा हव्यात. आतापर्यंत तीन उत्तरं आली. एक बाजूने, एक विरोधात, आणि एकाने विचारलंय की हा प्रस्ताव नेमका कोणत्या कप्प्यात टाकायला हवा होता.